चिखल आणि कोमट पाणी

रविवार, दुपार

प्रिय आई,

सप्रेम सलाम. आम्ही बरे आहोत. तूही बरी असशील, गुडघे फार छळत नसतील, असं धरून चालते. पत्र बघून दचकू नकोस. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. माझं अक्षर तुला ठाऊकच आहे, कोंबडीचे पाय.

तुला एक सांगायचंय आणि एक मागायचंय. दोन्हीची धास्ती वाटते, म्हणून आधी आनंदाची बातमी.

तुझा नातू चालला.

तसा पलंग धरून, भिंत धरून तो चालायचाच. पण आज चर्चमध्ये कुणाचं बोट न धरता चालला. पाळकसाहेबांचा उपदेश चालू होता. माझे डोळे मिटले होते. प्रार्थनेला नाही, खोटं कशाला बोलू, डुलकी लागली होती. लाँड्रीत आठवडाभर इस्त्री करून पाठीचा पार भुगा होतो. तेवढ्यात हा बाकावरून उतरला आणि मधल्या वाटेनं सरळ निघाला. नवे बूट, टाप टाप टाप. सगळं चर्च वळून बघतंय. हे त्याला धरायला उठले तर मी शर्ट खेचून यांना खाली बसवलं. म्हटलं, जाऊ दे त्याला. तो थेट पुढे गेला आणि त्यानं पाळकसाहेबांचा झगा ओढला. ते म्हणाले, "राहू द्या त्याला. तसाही मी पुढचा मुद्दा विसरलोय." सगळे हसले.

मी हसले नाही. मी त्याचा उजवा पाय बघत होते. पूर्ण टेकत होता गं. टाच, तळवा, बोटं, सगळं जमिनीला. मान इतकी ताठ झाली माझी की मागच्या बाकावरच्या बाईला काही दिसलं नसेल.

जन्मला तेव्हा तो पाय कसा आत वळलेला होता, ते तू बघितलंयस. पण प्लॅस्टरच्या वेळी तू दादाकडे होतीस. दवाखान्यात प्लॅस्टर घालणाऱ्या काकांना सगळे मिस्त्री म्हणतात. ते मला म्हणाले, "मिस्त्रीच आहे मी, पोरी. फक्त माझ्या भिंती रडतात." दर आठवड्याला पाय जरासा सरळ करायचे आणि ओलं प्लॅस्टर गुंडाळायचे. पुढच्या खेपेला जायच्या आधी मी घरी टबात कोमट पाणी घेऊन ते भिजवून सोडवायचे. आणि तिकडे गेलं की पुन्हा नवं. ते संपलं तेव्हा मधे लोखंडी पट्टीनं एकमेकांना जोडलेले बूट आले. पाळण्याच्या कडेवर सारखे आपटायचा, म्हणून हे त्याला ठकठक्या म्हणायला लागले. आता ते बूट फक्त झोपताना.

हां, ते बूट. त्यांच्यावरूनच तू बोलायची थांबलीस ना.

घरी प्रार्थना ठेवली होती. सगळ्यांनी बाळावर हात ठेवले. आमेन झालं आणि तू वाकून त्याचे बूट काढलेस. म्हणालीस, "देवाकडे मागितलंय ना? मग हे कशाला? विश्वास नाही का तुझा?" मी ते तुझ्या हातातून घेतले. सगळ्यांसमोर बूट परत घातले. तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस.

बक्कल लावताना मी घाबरले होते. तुला नाही. देवाला. त्याचा अपमान होतोय का माझ्या हातून, असं वाटत होतं.

मग एक गोष्ट आठवली, प्लॅस्टरच्या दिवसांत सारखी आठवायची ती. तूच सांगितलेली, मी लहान असताना, भांडी घासता घासता. येशूनं त्या आंधळ्याच्या डोळ्यांवर चिखल लावला आणि म्हणाला, जा, धुऊन ये. मी विचारलं होतं, नुसतं बोलून का नाही बरं केलं? तू म्हणालीस, "त्याची मर्जी. तू भांडी पूस."

टबात ते पांढरं प्लॅस्टर सुटून चिखल झाला की मला तो माणूस दिसायचा. डोळ्यांवर चिखल, अजून काही दिसत नाही, तरी चाचपडत निघालाय. मीही तशीच निघाले होते. माझा विश्वास कमी नव्हता, आई. बक्कल लावत होता तो विश्वासच होता.

आता सांगायचं ते. मला पुन्हा दिवस गेलेत. पाचवा महिना लागलाय. परवा डॉक्टरीणबाई मशीनच्या पडद्यावर बाळ दाखवत होत्या. त्यांनी बोट ठेवायच्या आधीच मला कळलं. तोच वळलेला पाय. यावेळी दोन्ही.

हे घरी येऊन रडले. मी नाही रडले. पण भीती आहे. मग आज ठकठक्या त्या वाटेनं चालत गेला आणि मला वाटलं, देवानं मला नुसतं सांगितलं नाही, चालून दाखवलं. रस्ता माहीत आहे मला. एकदा मी तो पार केलाय.

तुझं चुकलं म्हण, असं मी म्हणत नाही. तू प्रार्थना कर, तुझ्यासारखी कुणालाच जमत नाही. मोजे विण, दोन जोड. शिवण आतून नको, बुटात घासते. आणि बाळ झालं की ये.

प्लॅस्टर सोडवताना एका हातानं बाळ धरायचं असतं, दुसऱ्यानं पाय. यावेळी पाय दोन आहेत, आणि हात माझे तेवढेच.

पाणी कोमट करून तुझी वाट बघणारी,
तुझीच हट्टी पोर