डाव्या पायाची चप्पल

सालेकसा, जि. गोंदिया
शनिवार, ११ एप्रिल २००९

ती. फुलवंताबाईस,

धाकट्या भावाचा, तुलसीरामचा, साष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी एक अंग सध्या तक्रारीत आहे, तेव्हा नमस्कार साडेसात अंगांचा समजून घ्यावा. भाऊजींनाही नमस्कार. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्यातून तुमच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं असेल आणि उन्हाळी धान उभं असेल, असं धरून चालतो.

पत्रास कारण की, या भूतलावरून धर्म उठला आहे. परवा गुरुवारी, भर प्रार्थनामंदिराच्या दारातून, माझ्या डाव्या पायाची चप्पल नाहीशी झाली. उजवी शाबूत आहे. दोन्ही गेल्या असत्या तर कुणा गरजवंताची सोय झाली म्हणून सोडून दिलं असतं. पण एकच चप्पल नेणाऱ्या चोराचं शास्त्र मला कुठे सापडत नाही. एकतर तो एका पायाचा असला पाहिजे, नाहीतर तर्काचा वैरी. मागच्याच महिन्यात गोंदियाच्या बाजारातून आणलेली चामड्याची चप्पल, अजून करकरत होती. तीस वर्षं पोरांकडून विभक्त्या पाठ करून घेतल्या. पण चौर्यकर्म या विषयावर जसा त्या दिवशी हापशीजवळ उभा राहून बोललो, तसा वर्गात कधी बोललो नाही.

तू म्हणशील, चपलेसाठी पत्र कशाला, फोन करायचा. एक तर त्या दुकानातल्या फोनवर बोललं की सारं सालेकसा ऐकतं. दुसरं म्हणजे तू आधी ‘जेवलास काय?’ विचारतेस, आणि त्यानंतर मला जे बोलायचं असतं ते बोलवत नाही. म्हणून लिहितो. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. भाऊजींकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव आणि तूच वाच.

गुरुवारी आमच्याकडे एक रीत असते, ती तुला कधी सांगितली नाही. प्रभूला क्रुसावर दिलं त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी कमरेला पंचा गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले. त्याची आठवण म्हणून आम्ही त्या दिवशी एकमेकांचे पाय धुतो. बाया एकीकडे, पुरुष एकीकडे. पितळी परात, तांब्या, पंचा. जोडी जोडीने बसायचं. आधी एकाने दुसऱ्याचे धुवायचे, मग दुसऱ्याने त्याचे. मग गळाभेट.

या कामात माझा मोठा लौकिक आहे. आठ वर्षं मी सगळ्यांच्या आधी पंचा गुंडाळून खाली बसतो. मिलमधल्या हमालांचे पाय धुतले, शेणामातीचे धुतले, भेगांतली माती बोटाने काढली. आमचे पाळक प्रफुल्ल, ज्यांना सगळे पास्टर म्हणतात, त्यांनी दोनदा प्रवचनात माझं उदाहरण दिलं, आणि मी दोन्ही वेळा योग्य तेवढी मान खाली घातली.

आता खरं सांगतो. आठ वर्षांत माझे पाय कुणी धुतले नाहीत. माझी पाळी आली की परातीतलं पाणी गढूळ झालेलं असायचं, आणि ते बदलायला मीच उठायचो. हापशीवरून परत येईपर्यंत भजन सुरू झालेलं असायचं. एका वर्षी तर पुरुष सतरा आहेत, कुणीतरी एकटा उरणारच, असा हिशेब मांडून तो उरणारा मीच झालो. गणितात मी कच्चा, पण ही विषम संख्या मला दरवर्षी जमायची.

तुला यात नवल वाटणार नाही. बाघ नदीच्या काठावर तू होतीस. माझ्या बाप्तिस्म्याला आपल्या घरातून तू एकटीच आली होतीस, डोळे पुसत, पण आली होतीस. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून माझ्या पाठीमागे हात धरायला गेले, तर मी म्हटलं, ‘राहू द्या, मला पोहता येतं,’ आणि आपला आपणच बुडी मारून वर आलो. ते बिचारे म्हणाले, ‘गुरुजी, ह्याच्यात बुडवणारा दुसरा लागते जी.’ मग पुन्हा बुडालो, त्यांच्या हाताने. तू काठावरून ओरडली होतीस, ‘देवापुढंही तुजं आपलं तेच काय गा, तुलसी!’ सगळे हसले. मीही हसलो. ते किती खरं होतं हे कळायला मला नऊ वर्षं लागली.

त्यांनी मला नवं नाव सुचवलं होतं, तेही मी घेतलं नाही. तुळसही राहू दे आणि रामही राहू दे, म्हटलं, बापाने दिलेलं आहे. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण तेव्हा ते बापाच्या प्रेमापोटी म्हटलं की कुणाचं काही घ्यायचं नाही या खोडीपोटी, ते मला सांगता येत नाही.

ही खोडी उर्वशी गेली आणि मी विधुर झालो, तेव्हापासून वाढली. मागच्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा पास्टरांच्या रीनाबाई पेज घेऊन आल्या. मी दार उघडलं, डबा घेतला, आभार मानले, दार लावलं. संध्याकाळी डबा घासून, त्यात परसातली पपई घालून, अंगात ताप असताना स्वतः नेऊन दिला. त्या म्हणाल्या, ‘काऊन जी गुरुजी, एवढी घाई कायची होती?’ मला वाटलं, मी मोठी मर्यादा पाळली. बाईला काय वाटलं असेल ते मी विचारलंच नाही.

आणि तुला काय म्हटलं होतं, तेही मला आठवतं. उर्वशीच्या तेराव्याला तू म्हणालीस, ‘चल माझ्याकडे, पडवीतली खोली रिकामीच आहे.’ मी म्हटलं, ‘मला कुणाच्या भाकरीची गरज नाही.’ कुणाच्या म्हटलं, बाई. तुला. आई गेल्यावर जिने मला जेवू घातलं तिला. सहा वर्षं झाली. तू त्यावर कधी बोलली नाहीस. दर दिवाळीला मात्र ‘खोली झाडून ठेवली आहे’ एवढं विचारल्याशिवाय सांगतेस.

तर चपलेकडे येतो.

गुरुवारी चार वाजता घरून निघालो. रेल्वेचं फाटक ओलांडून दरेकशाच्या रस्त्याने प्रार्थनामंदिर दोन किलोमीटर. ऊन असं की डांबर मऊ झालं होतं. पोचलो, नेहमीसारखं दारात पायांनीच चपला सारल्या, आत गेलो. पाणी आणायला बाहेर आलो तर एकच. मग माझं ते हापशीवरचं व्याख्यान झालं. प्रथम संशय कुत्र्यावर, मग शेजारच्या पोरांवर, मग साऱ्या कलियुगावर.

एवढ्यात उदाराम सायकलवरून आला. उदाराम तुला आठवेल. त्याचा बाप रामलाल आपल्या बापाकडे सालदार होता. तो आता धानाच्या मिलमध्ये पोती उचलतो आणि आमच्या मंडळीत माझ्याआधीपासून आहे. त्याच्या हातात माझी चप्पल.

‘गुरुजी, हे फाटकापाशी पडली होती.’

‘म्हणजे चोराने तिथे नेऊन टाकली,’ मी म्हटलं.

‘चोर कोठचा? मी तुमच्या मांगूनच येऊन राहिलो होतो. तुमच्या पायातून निंगाली. दोनदा आवाज देलो. तुमी आपले चालतच राहिले.’

लोक हसले. ‘गुरुजी श्लोक म्हणत असतील,’ कुणीतरी म्हणालं. मीही म्हटलं, हो, विचारात होतो. पण उदाराम हसत नव्हता. तो माझ्या पायाकडे पाहत होता.

बाई, फाटकापासून प्रार्थनामंदिर सव्वा किलोमीटर आहे. मी तेवढा रस्ता तापल्या डांबरावरून एका अनवाणी पायाने चाललो, आणि मला ते माहीत नव्हतं.

उपासना सुरू झाली. मी पंचा गुंडाळला आणि घाईने खाली बसायला लागलो, तर उदाराम परात घेऊन माझ्यासमोर आला.

‘गुरुजी, तुमी वर बसा.’

‘आधी मी तुझे धुतो.’

‘नाही जी. आज तुमचे.’

मग मी माझं ठेवणीतलं कारण काढलं. हळू आवाजात त्याला म्हटलं, ‘तुझ्या बापाने आमच्या घरी जन्म घालवला. तू माझे पाय धुवावेस हे मला बघवणार नाही.’ किती उदात्त वाटलं मला ते! मला वाटलं, आता हा गहिवरेल.

तो गहिवरला नाही. म्हणाला, ‘आठ वर्सं तुमी सगळ्याइचे पाय धुता, आन् कोनाले हात लावू देत नाही. आमचे हात खराब आहेत काय, गुरुजी?’

मी नुसते पाय मागे घेतले. तीस वर्षं दुसऱ्याला निरुत्तर करण्याचा पगार घेतलेला माणूस मी. प्रभूंच्या शिष्यांतही एक कोळी होता, त्यानेही पाय मागे घेतले होते. मी तो प्रसंग मंडळीला कितीदा रंगवून सांगितला आहे, आणि दरवेळी मला वाटायचं, त्या कोळ्याला किती प्रेम होतं. ते प्रेम असेलही. माझं मात्र ते नव्हतं. मला फक्त कुणाच्याही वर बसलेलं चालत नव्हतं, कारण खाली बसून धुणाऱ्याला कुणाची गरज नसते.

मी बाकावर बसलो. त्याने डावा पाय धरला.

आधी डांबर निघालं. मग एक फोड फुटलेला. मग त्याचं बोट टाचेजवळ थांबलं. तिथे बाभळीचा काटा होता, आतपर्यंत मोडलेला. गुरुवारचा नव्हता तो. भोवतालची जागा काळी पडली होती. किती दिवसांची, देव जाणे. पाणी तांबूस झालं.

‘दुखते काय?’

‘नाही.’

त्याने दाबलं. ‘आता?’

‘नाही.’

त्याने वर पाहिलं. माझ्याकडे असं कुणी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणाला, ‘माज्या मायलेही साखर होती जी. तिलेही आदी असाच काटा...’ त्याच्या आईचा पाय गुडघ्याखालून कापला होता, हे तुलाही माहीत आहे, मलाही.

त्याने नखाने आणि रीनाबाईंच्या पिनेने काटा काढला. पंच्याने पाय पुसला, बोटाबोटांमधून, जसं लहान लेकराचं पुसतात. मग माझी पाळी होती, पण मला उठवेना. त्याने गळाभेट घेतली आणि मी त्याच्या खांद्यावर रडलो, मोठ्याने, भजनाच्या मध्ये. पास्टरांना वाटलं, पवित्र आत्म्याचं काम आहे. असेलही.

आता ते सांगतो जे तुझ्यापासून लपवलं. साखर मला आठ महिन्यांपासून आहे. डॉक्टरने लिहून दिलेला कागद शब्दकोशात ठेवला होता, ‘मधुमेह’ शब्दाच्या पानावर, म्हणजे हवा तेव्हा सापडेल. हवा कधी झालाच नाही. गोळ्या महिनाभर घेतल्या. मग वाटलं, माझं शरीर मी सांभाळीन. प्रार्थनेत देवाला सांगत राहिलो की सगळं तुझ्या हाती आहे, आणि कागद माझ्या कोशात.

काल गुड फ्रायडेला उदाराम आणि पास्टर घरी आले, गोंदियाला डॉक्टरकडे चला म्हणाले. जुन्या सवयीने म्हणून गेलो, ‘मी जाईन एकटा, गाडी आहेच.’ उदाराम दारातच बसला. म्हणाला, ‘मंग मी इतंच बसतो.’ मिलचा रोज बुडवून दोन तास बसला. शेवटी मी हो म्हटलं. सोमवारी सकाळच्या गाडीने तो मला नेणार आहे, आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फलाटावरून चालणार आहे. सगळं सालेकसा बघेल. बघू दे. काल रीनाबाईंनी पेज आणली. डबा अजून माझ्याकडेच आहे. उद्या पुनरुत्थानाच्या दिवशी तो तसाच, रिकामा परत देणार आहे, आणि तेवढं जमावं म्हणून प्रार्थना करतो आहे.

आता तुझ्याकडे मागतो. पडवीतली खोली अजून रिकामी आहे काय? डॉक्टर काय म्हणतो ते सोमवारी कळेल. पण काहीही म्हणाला तरी मला यापुढे पाय रोज कुणाला तरी दाखवावा लागणार, कारण मला स्वतःला तळवा दिसत नाही आणि कळतही नाही. मी सकाळी प्रार्थना करीन, हळू आवाजात. तुझ्या देवघराला त्रास देणार नाही. तुला चालत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. आणि भाऊजींना विचार. तू माझ्यासाठी शब्द टाकू नकोस, मी स्वतः विचारलं म्हणून सांग.

विनोदाने सुरुवात केली, कारण दुसरी कशी करायची ते मला येत नाही. तुला आठवतं, बांधावरून खेळून आलो की विहिरीपाशी तू माझे पाय मांडीवर घेऊन सुईने बाभळीचे काटे काढायचीस, आणि मी असा ओरडायचो की शेजारची सुशीलाबाई धावत यायची? गुरुवारी उदारामने पेरभर काटा काढला, बाई, आणि मी ओरडलो नाही. धीर धरला म्हणून नव्हे. मला काही लागलंच नाही. काट्याचं मला काही नाही, चपलेचं तर नाहीच. काही लागत नाही, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
तुलसी