बरडीवरच्या एकोणीस चुलींसाठी

मी हिलाल झिपरू मालचे, वय अंदाजे चौसष्ट (शाळेत घालताना मास्तरांनी जन्मतारीख मनानेच लिहिली), पूर्वीचा धंदा तापी नदीवर पाणी मोजणे, राहणार भिलाटी, मौजे नांदरखेडे, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे माझे शेवटचे सांगणे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. दारूला मी कधी शिवलो नाही. कोणाचा धाक नाही, कारण ज्यांनी धाक घालायचा ते आता माझ्यासमोर मान वर करत नाहीत.

कलम पहिले. रस्त्याकडची दोन एकर बरड जमीन मी १९७४ साली माझ्या मजुरीतून घेतली. तेव्हा लोक हसले होते, म्हणाले, हिलाल दगड पेरणार. ही जमीन माझ्या मागे भिलाटीतल्या एकोणीस घरांना सारखी वाटून द्यावी. नावांची यादी सोबत जोडली आहे. तिथे शेती करू नये, घरे बांधावीत. माझी मुलगी बेबाबाई, राहणार देवपूर, धुळे, हिची याला संमती आहे. भाऊ वना याचा या जमिनीवर वारसा नाही.

हे का, ते लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याने सख्ख्या भावाला डावलले.

सरकारी मोजपट्टीवर मी सव्वीस वर्षे रोज सकाळी पाणी पाहिले आणि वहीत लिहिले. एवढ्या काळात नदीची रीत बदलली. पूर्वी पुराची चाहूल दोन दिवस आधी लागायची. आता श्रावण कोरडा जातो, भाद्रपदात एका दिवसात सगळे आभाळ कोसळते, आणि वरून धरणाचे दरवाजे उघडले की चार तासांत पाणी दारात येते. १९९१ साली नदीकाठच्या वस्त्या हलवण्याचा आराखडा करायला समिती आली. अध्यक्ष लीलाधर पाटील, केळीचे मोठे बागायतदार. माझ्या सगळ्या वह्या त्यांनी पाहिल्या. मी सांगितले, भिलाटी रस्त्याकडच्या गायरानावर न्या. ते म्हणाले, "हिलालभाऊ, तुम्ही म्हणशात तठेच." आराखड्याच्या पहिल्या पानावर 'स्थानिकांच्या सहभागाने' असे छापले आहे. सहभाग एवढाच, की चहा माझ्या घरचा होता.

मग मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवपूरला मुलीकडे गेलो. तीन आठवडे डोळ्यांवर पट्टी. तेवढ्यात गायरान केळीच्या गाड्या भरायला राखले गेले आणि भिलाटीला नाल्याकाठचे खोलगट शेत दाखवले गेले. कोणी जायला तयार होईना. पण आमची एक रीत लीलाधर पाटलांना ठाऊक होती. तापीमायचा दगड आधी हलतो, मग माणसे. त्या दगडावर सगळ्यात मोठ्या पुराची शेंदराची रेघ आहे. त्या रेघेच्या खाली चूल मांडायची नाही, हा आमचा कायदा. दगड उचलायचा मान भगताचा, आणि भगत माझा धाकटा भाऊ वना. पाटलांनी वनाच्या पोराला ट्रॅक्टरवर कामाला लावले. वनाने डफ वाजवत दगड नाल्याकाठी नेला आणि हातभर जास्त खोल रोवला. रेघ घोट्यापाशी आली. मग काय, सगळे शेतच रेघेच्या वर!

मी परत आलो तेव्हा एकोणीस चुली पेटलेल्या होत्या. माझी बायको धुरपदाबाई भाकरी थापत होती. मी म्हणालो, जागा खोल आहे. लोक म्हणाले, "आकडा तुना, देव आमना." सव्वीस वर्षे मोजपट्टी हाताळलेल्या या माणसाने तो दगड मात्र मोजला नाही. भावाने देव खोटा रोवला असेल, हे मनात आणणेसुद्धा पाप वाटले. वना, हे मी तुझ्या नावावर लिहीत नाही, माझ्या लिहितो.

१९९४ च्या भाद्रपदात पाणी आले. मी मोजपट्टीवरून धावत वस्तीत गेलो. लोक निघाले. धुरपदाबाई शेळ्या सोडत होती. म्हणाली, "घाबरू नका. रेघले टेकी का पानी परतस." पाणी टेकले आणि परतले नाही. ती तिसऱ्या दिवशी केळीच्या बागेत सापडली. त्याच पुराने दगडाची माती धुऊन नेली आणि जुन्या मातीच्या खुणेवरचा हातभर ओला भाग उघडा पडला, तेव्हा वनाने तो जास्त खोल रोवला होता हे सगळ्यांना कळले.

कलम दुसरे. पोस्टातली शिल्लक, पितळी हंडा आणि धुरपदाबाईची जोडवी बेबाबाईला. वह्या जीवराम मास्तरांच्या शाळेला. पुढे जो कोणी आराखडा करायला येईल, त्याने आधी त्या वाचाव्यात, मग चहा मागावा.

कलम तिसरे. लीलाधर पाटलांनी माझ्या मातीला येऊ नये. आले तर कोणी पाट देऊ नये. उभे राहू द्या.

कलम चौथे. एकोणीस घरांत वनाचेही घर आहे, त्या घराच्या वाट्याची जागा त्याची बायको ताईबाई हिच्या नावे करावी. तिची लेकरेही त्याच नाल्याकाठी झोपतात.

कलम पाचवे. पुरानंतर मी बरड देऊ केली होती, पण लोक म्हणतात देव पुढे गेल्याशिवाय आम्ही जाणार नाही. आणि वना दगडाला हात लावत नाही, शरमेने. भगताचा मान मी काढून घेऊ शकत नाही, दुसऱ्या कोणी उचलला तर लोक मागे येणार नाहीत. म्हणजे ज्याने बुडवले त्याच्याशिवाय कोणी वर जाऊ शकत नाही. म्हणून लिहितो, येत्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी वनाने दगड बरडीवर न्यावा आणि जुन्या मातीच्या खुणेपर्यंतच रोवावा. खोली बेबाबाईने मोजावी.

वरील सर्व वनाला बोलावून वाचून दाखवले. तो म्हणाला, "भाऊ, माले माफी शे का?"

मी म्हणालो, "नही. पन दगड तूच उचल."

लिहून देणार : हिलाल झिपरू मालचे (सही)

साक्षीदार, ज्यांच्यासमोर सही झाली :
१. जीवराम सुका बोरसे, शिक्षक (सही)
२. छगन दौलत ठाकरे, पोस्टमन (सही)

नांदरखेडे, दिनांक १२ मार्च १९९५

कलम पाचवे ऐकले. आखाजीची वाट पाहत नाही, उद्या सकाळीच उचलतो.
वना झिपरू मालचे, डाव्या हाताचा अंगठा