फक्त आईलाच मास्क

६ एप्रिल

औषधवाल्याकडे गेले होते. दुकानाला प्लास्टिकचा पडदा, त्यामागे तो, त्याच्या तोंडावर मास्क. काहीतरी विचारलं त्याने. मी कानाकडे बोट दाखवून मान हलवली — ऐकू येत नाही. त्याने पुन्हा विचारलं. आधीपेक्षा मोठ्याने असणार, कारण रांगेतले सगळे माझ्याकडे वळले. ओरडून काय होणार! लहानपणी तापात कान गेले तेव्हापासून मी ओठ वाचते. आणि आता गावभर कुणाला ओठच उरलेले नाहीत.

शेवटी पाकिटावर लिहून दिलं. "पिशवी आणलीय का?" एवढंच!

११ एप्रिल

दूध आणायला निघाले होते. मागून कुणीतरी खांदा धरून गर्रकन फिरवलं. पोलीस. मास्क आतून हलतोय, डोळे वटारलेले. केव्हापासून "थांबा" म्हणून ओरडत असणार. मी कर्णबधिर असल्याचं कार्ड काढलं. त्याने दोन बोटांत धरून कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं. असली नाटकं खूप बघितली, असे डोळे. सोडलं शेवटी. पण परत येईपर्यंत सारखी मागे वळून बघत होते. दूध राहिलंच.

१९ एप्रिल

आज आईशी व्हिडिओवर बोलले. रविवारी का होईना, एक माणूस अख्ख्या तोंडाचं! आई फोन इतका जवळ धरते की कपाळ कापलं जातं, ओठ मात्र बरोब्बर मधोमध. "लॅब बंद, मग दिवसभर करतेस काय?" म्हटलं, झोपा काढते. दात बनवणाऱ्यांना कुलूप — लोकांनी तोवर हिरड्यांनी चावावं! खूप हसली.

मग बाजूला बघून, ओठ जेमतेम हलवत म्हणाली, "तुझी वहिनी फार धुसफुसते गं आजकाल." तेवढ्यात दादा मागे दिसला. आई लगेच — "बरं, ठेवते."

लगेच का?

३ मे

आजही आई नाही. दादा म्हणाला, "झोपलीय." भर संध्याकाळी? गेल्या रविवारी म्हणे आंघोळीला गेली होती. आईची आंघोळ उजाडायच्या आत उरकते! दादाला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही.

१० मे

आई दिसली. मास्क लावून. घरात!

खिडकीजवळ खुर्चीत बसवलेली. फोन लांब कुठेतरी टेकवून ठेवलेला. तिने हात हलवला, बोलली काहीच नाही. बोलली असेल तर मला काय कळणार म्हणा. शेजारी दादा — मास्क नाही. मागून वहिनी कपड्यांच्या घड्या घेऊन गेली — मास्क नाही. फक्त आईलाच.

विचारलं, हे काय? दादाचे ओठ मिशीमुळे अर्धेच कळतात, पण एवढं कळलं: "वय झालंय तिचं. खबरदारी." मग खबरदारी तिच्या जवळ जाणाऱ्यांनी घ्यायची ना!

१३ मे

झोप लागत नाही.

ऐकणाऱ्यांना मास्कने काय फरक पडतो? आवाज आरपार येतो. तोंड झाकून काही लपवायचं असेल तर ते फक्त माझ्यापासूनच लपवता येतं. आणि हे दादाला पक्कं ठाऊक आहे. लहानपणी माझ्या चहाड्या करायच्या असल्या की तो तोंडावर हात धरून आईला सांगायचा.

१७ मे

म्हटलं, "आई, मास्क काढ." आवाज बहुतेक फार चढला माझा, कारण दादा दचकला. आईने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरलेले. त्याने मान हलवली — तिला की मला? आणि फोन बंद. लगेच मेसेज: नेटवर्क गेलं. मेसेज पाठवायला बरं होतं नेटवर्क!

काय सांगेल म्हणून घाबरतात? उपाशी ठेवतात? हात उचलतात? वहिनी तशी वाटत नाही. पण माणसं कशी वाटतात ते मी त्यांच्या तोंडावरूनच ठरवत आले. आता तेही नाही.

१८ मे

पेपरात नंबर आलाय. ज्येष्ठांचा घरात छळ होत असेल तर कळवा. मेसेज केला, गेलाच नाही. फक्त बोलूनच कळवायचं. म्हणजे तक्रार करायला आधी कान हवेत. व्वा!

२१ मे

खालच्या शिंपीणबाईंना गळ घातली. दादाचा नंबर दिला आणि लिहून दिलं — "आईशीच बोला. दुसऱ्या कुणाशी नको." जिन्यात उभ्या राहून बोलल्या. बराच वेळ. मास्क हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. मध्येच त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मग मला लिहून दाखवलं — "बऱ्या आहेत. काळजी करू नको म्हणाल्या."

एवढ्या बोलण्याचं एवढंसं! जन्मभर हेच. घरभर हसतात, मी विचारते काय झालं, तर — काही नाही गं, नंतर सांगते. ते "नंतर" अजून यायचंय.

आणि शिंपीणबाई माझी नजर का चुकवत होत्या? त्यांनाही फितवलं म्हणायचं.

२ जून

शिंपीणबाई वर आल्या. ओठांपुरतं पारदर्शक प्लास्टिक लावून मास्क शिवलाय, खास माझ्यासाठी! घालून बोलायला लागल्या. "ताई, आता कळतं का —" आणि पुढे सगळं धुकं. वाफ धरली. दोघी हसलो. किती दिवसांनी हसले.

त्या गेल्यावर वाटलं, एवढी माया अचानक कशी? ही लाच तर नाही?

८ जून

बस सुरू झाल्या. उद्या जाते. दादाला कळवलेलं नाही.

एक बॅग रिकामीच घेतलीय, आईच्या कपड्यांसाठी. इथे पलंग तिला, मी खाली. लॅब उघडली की मालकांना सांगेन, अर्धा दिवस येते. आरशासमोर उभी राहून म्हणून पाहिलं — "दादा, पुरे झालं. मी तिला न्यायला आलेय." बरं दिसलं. ऐकायला कसं आहे कोण जाणे.

दार उघडलं की आधी आई. आधी मास्क. मग काय ते भांडू.

९ जून

मास्क काढला. मीच. तिने डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता, तरी.

तोंडाची उजवी बाजू खाली ओघळलीय. एप्रिलच्या शेवटी अर्धांगाचा झटका आला. व्यायाम करून घेणारी बाई लॉकडाउनमुळे येईना, वहिनीनेच फोनवर बघून बघून शिकून घेतलं. मी आत शिरले तेव्हाही तीच आईला भरवत होती. दादाने समोर बसून, सावकाश सगळं सांगितलं.

आई बोलते. जड, लोळत, पण बोलते. दादाला कळतं. वहिनीला कळतं. शिंपीणबाईंना फोनवरसुद्धा कळलं. ऐकणाऱ्या सगळ्यांना कळतं. ओठ मात्र आकार धरत नाहीत. मला एकटीलाच कळणार नाही, हे तिनेच आधी ओळखलं. मास्क तिनेच मागितला. तोंड बरं होईपर्यंत हिला सांगायचं नाही, अशी शपथ घातली सगळ्यांना.

आता तिच्यासमोर बसलेय. ओठ डावीकडून मिटतात, उघडतात. प, ब, म — ओठांवर तिन्ही सारखीच. पाणी? आणलं, नको म्हणाली. बस? बसलेच आहे. पुन्हा तेच. पुन्हा.

मग कळलं. मास्क.

दिला नाही.