डावा कौल आणि सोमवारचं विमान

१७ जुलै १९६४, मालवण
हवामान खात्याचं पत्र आज पोचलं. मुलाखत मंगळवारी, मुंबईत. पावसाळ्याची आगबोट बंद, फोंडाघाटात दरड, म्हणजे मुंबईची एस.टी.ही नाही. आधी बेळगावला कॉलेजातल्या कुसुमला तार केली: सोमवारच्या विमानाचं तिकीट काढ. पैसे माझ्या शिकवण्यांचे. मग घरी सांगितलं.
बाबा: "बायलमाणसाक आमी होडयेर चढूक देणव नाय, आनि तू इमानात बसतलंस?"
काकी: "वरसून पडलंस तर गो?"
"पडलंय तर बाबांच्याच जाळ्यात पडान."
आई तेवढी हसली.

१८ जुलै
बाबा सकाळीच देवळात. गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवून कौल लावला. डावी पाकळी पडली, म्हणजे नाही.
"देवान नको म्हटल्यान. इषय संपलो."
"देवाक इचारलात. माका इचारलात?"
कोणी जेवलं नाही. देवाचा शब्द मोडणारी घरातली मी पहिली. बी.एस्सी.सुद्धा पहिलीच.

१९, रवि. बेळगाव
एस.टी.पर्यंत आई आली. बाबा नाहीत. आईने सुक्या बांगड्यांचं पुडकं दिलं. "खिडकेकडे बस. कसा दिसता ता माका सांग."
भीती वाटते. इथे लिहिते, बोलणार नाही.

२०, सोम. मुंबई
सांबऱ्याच्या विमानतळावर सामानासकट मलाही काट्यावर उभं केलं. पुडक्याचा वास सगळ्यांना गेला. जाऊ दे.
विमान म्हणजे पंखे लावलेली लहानशी एस.टी. ढगातही खड्डे. कानात कापूस, तोंडात पेपरमिंट. शेजारचे गृहस्थ: "सोबत कोण?" "कोणी नाही." मी दोनदा ओकले. दुसऱ्यांदा त्यांनी आपली कागदी पिशवी दिली, मग काही विचारलं नाही.
एकदा ढग फाटले. खाली समुद्र, सुरकुतलेला, गप्प. एवढ्याला बाबा आयुष्यभर भितात आणि एवढ्यावरच जगतात.

२१
तीन साहेब. "रात्रपाळी असते. बायकांना जमेल?"
"माझे वडील रात्रभर समुद्रात असतात. वादळाचं त्यांना वेळेवर कोणी सांगत नाही."
एकाने काहीतरी लिहिलं. काय, ते दिसलं नाही.

१४ ऑगस्ट, मालवण
नेमणूक आली. नागपूर. होकार आठ दिवसांत.
महिन्यात बाबा पहिल्यांदा बोलले. मुलाखतीतलं त्यांना आईकडून कळलेलं. "थंय समुद्रच नाय. वादळ कोणाक सांगतलंस?"
"आधी शिकतंय. मागीर बदली मागतलंय."
"आनि नाय गावली तर?"
 होकार लिहिला, पाकीट चिकटवलं. टपाल दुपारी निघतं. बाबा उंबऱ्यावरच जाळं शिवत बसलेत, पाय आडवे टाकून. सरकत नाहीत.
एवढं लिहून चपला घालते.