एक किलो म्हणजे एक किलो

२ तारीख, सकाळी.
आजपासून च्युइंगगम बंद. दाढा किडल्यात म्हणे. बायकोला शब्द दिलाय. वजनमापं तपासणाऱ्या माणसाला शब्दाची किंमत शिकवावी लागत नाही. सरकारी एक किलोचं वजन कुठेही न्या, एक किलोच भरणार. नीतीचंही तसंच. माणसागणिक बदलते ती नीती नव्हे, सोय.

२ तारीख, दुपारी.
मेहुण्याच्या दुकानातून एक पाकीट घेतलं. एकदम सोडलं की प्रकृतीला अपाय होतो. ताईला सांगू नकोस म्हटलं. ऑफिसात येऊन एक तोंडात टाकला, तेवढ्यात साहेब आले, म्हणून तोंडातला गम वजनाच्या तळाला खोबण असते तिच्यात दडवला. तात्पुरता.

५ तारीख.
शी! बाजारात सहा काटे तपासले. माझं वजन ठेवलं की प्रत्येक काटा एक किलो चार ग्रॅम दाखवतो. म्हणजे गिऱ्हाइकाला चार ग्रॅम कमी. फळवाला म्हणतो, साहेब, काटा कालच आणलाय. नवा काटा, जुनी खोड. नोटीस दिली.

९ तारीख.
आता नऊ ग्रॅम! फळवाला नऊ, खाटीक नऊ, औषधवालासुद्धा नऊ. सगळे नेमके नऊच कसे? रात्रभर विचार करून उत्तर काढलं. लबाडी माणसाच्या स्वभावातच आहे आणि ती सगळ्यांत सारखी भरलेली आहे. नीती पक्की, माणूस कच्चा. किळस येते माणसांची. (विचार करताना तोंड चालतं. त्याला इलाज नाही.)

१३ तारीख.
मेहुणासुद्धा! चौदा ग्रॅम. दुकानाला सील ठोकलं. हात जोडून म्हणत होता, भाऊजी, दुकान बंद तर चूल बंद. आणि अख्ख्या बाजाराला एकसारखी लबाडी सुचते का हो? मी ऐकतोय होय! बायको म्हणाली, आपल्या माणसासाठी जरा डोळेझाक करावी. मी सुनावलं, खोटं ते खोटं, कुणीही कुणासाठीही बोललं तरी. ती माहेरी गेली. म्हणजे त्याच दुकानाच्या वरच्या मजल्यावर.
गम आता दुसरीकडून आणावा लागतो. त्याला चव नाही.

१६ तारीख.
मेहुण्याने अर्ज केलाय: निरीक्षकाचं वजनच तपासा. माझं वजन! काय निर्लज्ज माणूस. उद्या प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत तोंडघशी पडणार. बायकोलाही बोलावलंय. बघू दे तिला.

१७ तारीख.
प्रयोगशाळेतल्या बाईंनी वजन उलटं केलं. मग हातमोजे घातले. चिमट्याने एकेक करून सतरा गोळे पांढऱ्या कागदावर मांडले. साहेब, बायको, मेहुणा, सगळे वाकून बघत होते. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.
बाई म्हणाल्या, "यावर दातांचे ठसे आहेत. कुणाचे?"
बायकोने माझ्याकडे पाहिलं.
मेहुणा म्हणाला, "भाऊजींचे नसणार. त्यांनी गम कधीच सोडला."
धडधडीत खोटं. दोन तारखेपासून हाच तर विकत होता मला. मी तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण तोंडात गम होता.
गिळला.