गाडी दारातून हलली की

३ नोव्हेंबर
बायको माहेरी गेली, महाळुंगे पडवळला. जाताना म्हणाली, गाडी दारातून हलली की मी आले म्हणून समजा. वडलांची ही एकोणऐंशीची फियाट बंद पडल्याचं तिला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. ठरलं. आठ दिवसांत गाडी चालू करायची आणि तिला गाडीतूनच घोडेगावला आणायची.

५ नोव्हेंबर
दोष गाडीचा नाही, पेट्रोलचा. आता त्यात वीस टक्के इथेनॉल. जुन्या कार्बोरेटरला ते पुरत नाही, हवा जास्त होते, इंजिन खोकून बंद पडतं. त्यातल्या जेटचं, म्हणजे पेट्रोल येतं त्या बारीक तोटीचं, भोक जरा मोठं केलं की झालं. आळेफाट्याचा खंडू मिस्त्री म्हणतो, राव, नवा जेट अन् नवी रबरं टाका, भोकाच्या नादी लागू नका. याला गिऱ्हाईक पाहिजे, दुसरं काय.
इथेनॉल उसाचं. आपलाही ऊस कारखान्याला जातो. हे कुणाला सांगायचं नाही.

८ नोव्हेंबर
हिच्या शिलाई मशीनच्या सुईने भोक मोठं केलं. तीन सुया मोडल्या. मशीन तसंही बंदच असतं. पडवीत गाडी लावल्यापासून ते आत ठेवलंय, आणि ब्लाउजांना पेट्रोलचा वास येतो म्हणून बायका शिवायला येईनात. यात माझा काय संबंध?

९ नोव्हेंबर, सकाळी ७
सुरू झाली. नुसता काळा धूर. भोक जास्तच मोठं झालं.
मेहुण्याचा, भागूचा फोन. दाजी, ताई काय म्हनली ते नीट ऐकलंत ना? म्हटलं, शब्द न् शब्द.

१४ नोव्हेंबर
खंडूकडून निमूट नवा जेट आणला. तो हसला नाही, तेच जास्त झोंबलं. रबरं जुनीच ठेवली. सगळंच काय त्याचं ऐकायचं? गाडी आता ठणठणीत.

१६ नोव्हेंबर
महाळुंग्यात सासऱ्यांच्या दारात गाडी उभी केली, हॉर्न दिला. ही बाहेर आली. गाडीकडे बघतच राहिली. म्हणाली, म्हंजे विकली न्हाई व्हय?
तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. इथेनॉलने जुनं रबर फुगलं होतं, पेट्रोल अडलं, परत सुरू होईना. ही आत गेली आणि पिशवी घेऊन आली. म्हणाली, आपल्या दारातनं हलली ना? मग मी चालले. घराची किल्ली मागितली. दिली. एसटीने गेली.

१९ नोव्हेंबर
सासूबाईंनी विचारलं, पावणं, अजून किती दिस? म्हटलं, रबरं आली की निघतो.
हिला फोन केला. मागे मशीनचा आवाज. पडवीत लावलंय म्हणाली, दोन ब्लाउज आलेत. मी येऊ का विचारलं. म्हणाली, या की. एकटे या.
बघतो म्हटलं. सव्वाचारची एसटी समोरून गेली तेव्हा मी गाडीतच बसलो होतो.