कोरं पोट

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिपचं पोस्टिंग सुरू. कॉलेजच्या व्हीआर लॅबमध्ये आजवर एकशे बारा अपेंडिक्स काढली. डोक्याला हेडसेट, हातात कंट्रोलर, समोर थ्रीडी पोट. बॅचमध्ये पहिला मीच. सरांनी एक हेडसेट सरावाला सोबत दिलाय. खऱ्या माणसावर अजून चाकू धरलेला नाही, पण ती फॉर्मॅलिटी.
संकल्प: जाताना गावाने मला सर्जन म्हणायला हवं.

५ फेब्रुवारी
मोठे डॉक्टर मीटिंगला. ओपीडीत मी आणि माधवी सिस्टर. म्हणजे मीच. सिस्टरना हेडसेट लावून दिला. चक्कर आली. वर म्हणे, सर, हे पोट लयच कोरं आहे, आपल्याकडं असं कुठी पाहाले भेटते? टेक्नॉलॉजी सगळ्यांना झेपत नाही.
पेशंट फार बोलतात. पोटाचं विचारलं की धानाचं सांगतात. व्हीआरमधला पेशंट भूल घेऊनच येतो. उद्यापासून प्रश्न कमी, निरीक्षण जास्त.

१० फेब्रुवारी, सकाळी ११
भागीरथाबाई, वय पंचेचाळीस. तलावात मासे धरणारं घर. नवरा शालिकराम घेऊन आला. उजवीकडे खाली दुखतं, उलटी, ताप. मनात म्हटलं, आलं अपेंडिक्स! पण पदर सरकला आणि दुखतं तिथेच दोन इंची तिरपा व्रण. म्हणजे ऑपरेशन झालेलं. काढलेलं अपेंडिक्स दुखत नाही. दुसरा कोणी असता तर फसला असता.
सिस्टर म्हणाल्या, सर, इचारून तर पाहा. म्हटलं, व्रण दिसतोय ना? शालिकराम काही सांगू लागला, तोवर मी पुढच्याला हाक मारली. केसपेपरवर लिहिलं: अपेंडिक्स पूर्वीच काढलेले. ॲसिडिटीचं इंजेक्शन, गोळ्या, घरी.

१२ फेब्रुवारी, दुपारी
भागीरथाबाई परत. पोट फळीसारखं कडक, नाडी धावतेय. ॲम्ब्युलन्सने जिल्ह्याला पाठवलं. बहुतेक पित्ताशय. नाहीतर काही गावठी औषध घेतलं असेल. ही माणसं काही सांगतच नाहीत.

१३ फेब्रुवारी
जिल्ह्याहून सर्जन मॅडमचा फोन. अपेंडिक्स जागेवरच होतं. फुटलेलं, पोटभर पू. आधी ऑपरेशन कधी झालंच नव्हतं. तो व्रण म्हणजे तापलेल्या विळ्याचा डाग. मागच्या वर्षी पोट दुखलं तेव्हा घरीच दिलेला. मॅडम ओरडल्या नाहीत. माझी केसपेपरवरची ओळ फक्त वाचून दाखवली. सिस्टर म्हणाल्या, इथी कितीतरी पोटांवर डाग असते, सर.
मूळ दोष सॉफ्टवेअरचा. त्यात डागाचं पोटच नाही. कंपनीला सूचनांचा ईमेल लिहायला घेतला.

१४ फेब्रुवारी
सकाळी सहाला बाई गेली. ईमेल अर्धाच राहिला.

२४ फेब्रुवारी
शालिकराम आला होता. डोकं भादरलेलं. बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, डाक्टरसाहेब, मीच डाग देल्लो होतो, याच हातानं. त्याच्यानंच आतून सडलं न? मीच मारलो न तिले?
नाही, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.
मी म्हणालो, यापुढे कोणाला डाग देऊ नका.
तो हो हो म्हणाला, माझ्या पाया पडला आणि गेला.